आम्हाला कशाची बाधा नाही

माय,

काल पुन्हा त्यांनी हात वर करायला सांगितलं. मांडव या वेळी कारखान्याच्या आवारात नव्हता, शाळेच्या मैदानात होता. खुर्च्यांना पांढरी कव्हरं होती आणि साहेबाच्या जागी एक तरुण बाई होत्या, पण वाक्य जवळपास तेच. बाधितांनी हात वर करावेत. ते ऐकून मला तू आठवलीस असं लिहिलं तर खोटं होईल, कारण सकाळपासून तूच डोक्यात होतीस. तुझं पांढरं पातळ पेटीतून काढलं, नेसायला लागले आणि निऱ्या घालतानाच पाठीत उसण भरली. वय झालं आता. तू गेलीस त्या वयाला मी येऊन ठेपले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर मला आधी तुझा खोकला आठवावा लागतो, मग त्याच्या मागून आवाज येतो.

आपण हसनाबादजवळच्या गावातून जालन्याला आलो ते दुष्काळात. मी कडेवर होते म्हणे. त्याआधी तू पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरचीची पोती भरायचीस, इथं आल्यावर बियाण्याच्या गोदामात बी निवडायला लागलीस. पोचट, फुटकं, किडकं एका बाजूला, भरलेलं दुसऱ्या बाजूला. गोदामापासून पायी जाता येईल अशा पडीक जागेवर आपल्या लोकांनी पत्रे टाकले, वस्ती झाली, मग विहार झाला आणि विहारासमोर पिंपळ लावला. कारखाना त्याच्या नंतर आला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आता ते कुणालाच खरं वाटत नाही. कालच्या बाईंनीही विचारलंच, तुम्ही कारखान्याच्या शेजारी राहायला का आलात म्हणून. भंगार वितळवून सळया करायचा कारखाना. तो येणार म्हटल्यावर आपल्यालाच आनंद झाला होता, पोरांना काम लागेल. काम लागलं बाहेरून आलेल्यांना. आपल्या वाट्याला काजळी आली. सकाळी अंगण झाडलं की केरसुणी काळी, रांजणावर बांधलेलं फडकं काळं, बाहेर वाळत टाकलेलं बाळाचं दुपटं काळं. भाकरी परातीत थापता थापता तू एका हातानं दार लोटायचीस, ते मला अजून दिसतं.

तुला कुणी पुढारी केलं नव्हतं. तू फक्त घरोघर जाऊन बसायचीस. लोक सभेच्या आधी भोंगा फिरवतात, तू भाकरीच्या वेळी जायचीस, कारण त्या वेळी बाई घरात सापडते आणि तिला उठून जाता येत नाही. उंबऱ्यापाशी टेकायचीस, समोर सूप असलं तर तांदूळ निवडायला घ्यायचीस, माहेरचं विचारायचीस, आणि बऱ्याच वेळानं, जणू आत्ताच सुचलं असं, म्हणायचीस, "काय गं, तुझ्या घरी कोन खोकून राह्यलं?" त्या प्रश्नाला उत्तर नाही असं एकही घर नव्हतं. मग ती बाई बोलत सुटायची आणि तू तांदूळ निवडत राहायचीस. उठताना एवढंच, "उद्या च्यार वाजता विहारात ये. पांढरं धुऊन ठेव." येशील का, असं तू कधी विचारलं नाहीस. मी एकदा म्हटलं, माय, तू माणसंपण बी निवडल्यासारखी निवडतेस. तू म्हणालीस, "न्हाई. मानसात पोचट काढून टाकता येत न्हाई. सगळे घ्या लागतात."

त्या पहिल्या सुनावणीची गोष्ट वस्तीत इतक्यांदा सांगून झाली आहे की मी तिथं हजर होते असं मलाच वाटतं. खरं तर अंगणवाडी बंद करून मी पोचले तेव्हा सगळा मांडव हसत होता आणि का हसतो आहे ते मला कळत नव्हतं. बाकीचं शेजारच्या मावशीनं सांगितलं. कारखान्याला दुसरी भट्टी टाकायची होती, म्हणून लोकांचं म्हणणं ऐकायला साहेब आले होते. पोह्यांच्या प्लेटा फिरत होत्या, पाण्याच्या बाटल्या होत्या. तू सगळ्यांना पांढरं नेसायला लावलं होतंस, वंदनेला नेसतो ते. "मागायला न्हाई चाललो आपून, सांगायला चाललो," असं वाटेत चारदा बजावलंस. साहेबांनी कागद वाचला, तो कुणाला समजला नाही, आणि मग ते म्हणाले, या विस्तारामुळे जे बाधित आहेत त्यांनी कृपया हात वर करावेत. बायकांनी तुझ्याकडं पाहिलं. मावशी सांगते, तुझा चेहरा एकदम बदलला. तू उभी राहिलीस, पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "साहेब, आमच्या वस्तीत कोनालाच बाधा न्हाई. आमी दीक्षा घेतलेली मानसं. भूतबाधा, देवदेवस्की, आमी बिलकुल मानत न्हाई."

मांडवात हसू फुटलं. साहेबही हसले, वाईट मनानं नाही, पण हसले, आणि शेजारच्या कारकुनाला म्हणाले, लिहा, वस्तीतील कोणीही बाधित नाही. तू समाधानानं खाली बसलीस. मावशीला विचारलंस, "बराबर बोलले का?" मावशी म्हणाली, "एकदम बराबर." दुसरी भट्टी मंजूर झाली. पुढं कितीतरी वर्षं आपण जिथं जाऊ तिथं तेच ऐकलं, की तुमच्या बाईंनीच तर सांगितलं होतं.

लोकांना ती अडाण्याची चूक वाटली. मला नाही वाटत. तुझ्या मोठ्या बहिणीचं तू मला एकदाच सांगितलं होतंस, मी आजारी असताना, माझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवत. तिला ताप होता. गावातल्या देवऋषानं सांगितलं, पोरीला बाहेरची बाधा आहे, आणि निखाऱ्यावर मिरच्या टाकून, वर घोंगडी पांघरून तिला धुरी दिली. ती खोकत होती तर म्हणाले, भूत खोकतंय, अजून टाका. ती त्या तापातून उठली नाही. पुढं आपल्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा तुझ्या बापानं त्याच देवऋषाला दारातून हाकललं, आणि तू ते दारामागून पाहिलंस. बाधा म्हणजे काय, हे तुला शिकवायची गरज नव्हती. बाधा म्हणजे तुला ती आहे हे दुसरेच ठरवतात, आणि मग धूर तुला खावा लागतो. साहेबांनी विचारलं, तू नाही म्हणालीस. आता या वयात मला त्यात काही हसण्यासारखं दिसत नाही.

पण त्या दिवशी मला राग आला होता. बारावी शिकलेली मी, सरकारी कागद वाचणारी. परत येताना रस्त्यातच, सगळ्या बायका बरोबर असताना, मी बोलले, "माय, बाधित म्हणजे ते न्हाई गं. बाधित म्हणजे ज्याला तरास झाला तो. आपूनच बाधित. आपून हात वर करायला पाह्यजे होते." तू थांबलीस. बायकाही थांबल्या. तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "चारचौघीत मला शिकवू नको. घरी सांग." आणि चालू लागलीस. घरी गेल्यावर मी सांगायला लागले तर तू ऐकलं नाहीस, जेवलीही नाहीस, भांडी घासत बसलीस. आधीच घासलेली भांडी. मी पाठीमागं उभी होते आणि तुझे खांदे हलत होते, घासण्यानं की आणखी कशानं ते मी पुढं येऊन पाहिलं नाही.

सकाळी तू चुलीपुढं, मी पिशवी घेऊन निघायच्या बेतात. तू तव्यावरची भाकरी उलटवत, पाठमोरीच म्हणालीस, "त्या शब्दाला दुसरा शब्द न्हाई का?" मी पिशवी खाली ठेवली. म्हटलं, पीडित आहे. तू म्हणालीस, "ते आत्याचाराच्या केशीत म्हनतात." मी म्हटलं, त्रस्त. "ते पेपरात. नळाला पानी न्हाई आलं की त्रस्त." नुकसानग्रस्त? "ते गारपिटीत. आन त्याला शेत लागतंय." पेपर मीच तुला वाचून दाखवायचे, त्यामुळं कुठला शब्द कुठं बसतो ते तुला चांगलं माहीत होतं. मला हसू येत होतं, पण आदल्या दिवशीच्या रागामुळं ते मी दाबून ठेवलं. मग चुलीतलं लाकूड ओलं निघालं, घरभर धूर झाला, तू डोळे पुसत फुंकर घातलीस आणि म्हणालीस, "आपून धुरातले. धुरातली मानसं. बस, संपलं." आता मात्र मी हसले. "हसू नको," तू म्हणालीस, "लिही." मी लिहिलं, तसाच अर्ज दिला, आणि असा कुठलाही प्रवर्ग अस्तित्वात नाही म्हणून तो परत आला. तू तोच अर्ज पुन्हा द्यायला लावलास. कचेरीत तुला धुरातली बाई म्हणायला लागले, आधी चेष्टेनं आणि पुढं पुढं नुसतंच, सवयीनं.

नंतरची वर्षं मला एकमेकांत मिसळलेली आठवतात. रांजणावरचं फडकं न धुता घेऊन तू साहेबाच्या टेबलावर पसरलंस, तो दिवस. गोदामातला मुकादम म्हणाला, "बाई, मोर्चे काढा न्हाईतर बी निवडा," तो दिवस. धूर गाळायचं यंत्र बसलं म्हणून आपण विहारात गूळ-शेंगदाणे वाटले, आणि आठवडाभरात कळलं की साहेब येणार असले की तेवढ्यापुरतंच ते चालवतात. तू खचली नाहीस असं लोक सांगतात. मी तुझ्या घरात होते. तू खचायचीस. गोदामातून आल्यावर उंबऱ्यावर बसून चपलेचा अंगठा बोटानं चाचपत राहायचीस, आणि मी चहा पुढं केला की म्हणायचीस, "जल्दी दे, पलीकडच्या आळीत जायचंय." शेवटी सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दमा आहे, फुप्फुसं गेलीत. मी कारखान्याचं सांगितलं. ते म्हणाले, चुलीचा धूर असेल, या बायकांना चुलीचा फार त्रास होतो. तुझ्या तोंडावर मास्क होता म्हणून तुला बोलता आलं नाही. नाहीतर तू त्यांना शब्द सुचवला असतास.

तू गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर बायका उठल्या नाहीत. बसून राहिल्या आणि माझ्याकडं बघायला लागल्या, जसं तुझ्याकडं बघायच्या. मला कुणी विचारलं नाही, मी हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटल्यावर मी एकीच्या उंबऱ्यावर जाऊन बसले आणि सूप पुढं ओढलं. एवढंच झालं. मला तुझ्यासारखं तांदूळ निवडता येत नाही, माझे डोळे लवकर अधू झाले. पण खोकल्याचा प्रश्न तोच चालतो, अजून, आणि तो विचारता विचारता आता मलाही खोकला येतो. फक्त आता उन्हाळा तुझ्या वेळचा राहिला नाही. तेव्हा आपण काजळी नको म्हणून दारं लावून बसायचो. आता दार लावलं तर पत्रा असा तापतो की लेकरं माशासारखी तडफडतात, आणि उघडलं तर काजळी. वस्तीतल्या बायका दुपारी दार उघडायचं की लावायचं यावरून भांडतात, आणि भांडण माझ्याकडं घेऊन येतात. मी काय सांगणार? पाऊस वेळेवर आला तर तेवढे दिवस बरे जातात, पण तोही आता लहरी पाहुण्यासारखा येतो.

मध्ये एका संस्थेनं मला संभाजीनगरला नेलं होतं. औरंगाबादला, तू म्हणायचीस त्या. तिथं पडद्यावर अमेरिकेतल्या एका बाईशी बोलणं करून दिलं. अमेरिकेतली म्हटल्यावर मी गोरीपान बाई डोळ्यांसमोर आणली होती, तर ती आपल्यासारखीच सावळी, जाडसर, केस वर बांधलेली, आणि मागं तिचं स्वयंपाकघर. त्यांचे लोक मेक्सिकोकडून तिकडं गेलेले, शेतात आणि कारखान्यात राबणारे, घरी स्पॅनिश बोलणारे. त्यांच्या वस्तीशेजारीही भंगार वितळवणारा कारखाना, आणि त्यांच्यातही पुढं होऊन बोलणाऱ्या बहुतेक बायकाच. ती तिच्या भाषेत बोलायची, त्याचं कुणीतरी इंग्रजी करायचं, त्याचं इथली मुलगी मराठी करायची, त्यामुळं तिनं हात हलवले की त्याचा अर्थ बऱ्याच वेळानं आमच्यापर्यंत पोचायचा. ती म्हणाली, आमच्याकडं पहिल्या सुनावणीला सगळं इंग्रजीत होतं, माझ्या आईला वाटलं घरांचे कागद तपासतायत, ती घाबरून सगळ्या गल्लीला घेऊन उठून गेली, आणि नोंद झाली की कुणाची हरकत नाही. माय, मी एवढ्या मोठ्यानं हसले की संस्थेतले लोक घाबरले. मग मी तुझी बाधेची गोष्ट सांगितली. ती तीन भाषांतून तिच्यापर्यंत गेली आणि थोड्या वेळानं ती बाई तिच्या ओट्यावर डोकं टेकून हसली, आणि वर आली तेव्हा डोळे पुसत होती. शेवटी तिनं एक विचारलं. इथली मुलगी म्हणाली, त्या विचारतायत, तुम्ही थकत नाही का? मी म्हटलं, नाही. आपल्याकडं अशा वेळी नाहीच म्हणायचं असतं. तिनं ते ऐकलं आणि मान हलवली, पण तिला पटलेलं दिसलं नाही.

आणि मग गेल्या वर्षी आपण जिंकलो. कागद आला, वस्ती प्रदूषणबाधित असल्याचं मान्य करण्यात येत आहे. जो शब्द तू नाकारलास, तो मिळवायला मला सगळं आयुष्य लागलं. विहारात पेढे वाटले. मी पिंपळाच्या पारावर जाऊन बसले आणि तुझा राग येईल का, याचा विचार करत राहिले. पेढ्याची चव तोंडात होती तोवर दुसरा कागद आला. बाधितांचं स्थलांतर. अंबड रोडनं शहागडकडं जाताना आत माळावर जागा दाखवली आहे, तिथं घरं बांधून देणार, ज्यांना जायचं त्यांनी जावं. कारखान्याबद्दल कागदात ओळ नाही. धूर जिथं आहे तिथंच राहणार, माणसांनी उठायचं. तुझी गोष्ट खरी ठरली की काय, असं वाटून मला घाबरायला झालं. एकदा बाधित म्हणवून घेतलं की मग तुझं काय करायचं ते तेच ठरवतात.

आम्ही काही जणी टेम्पोनं जागा बघायला गेलो. माळ उघडा, वारा भरपूर, लांबून हायवेचे ट्रक दिसतात. दवाखाना नाही, शाळा नाही, बियाण्याची गोदामं इतकी लांब की रोजची मजुरी भाड्यातच जाईल. बाकीच्या पाण्याची टाकी बघायला गेल्या, मी बाभळीखाली टेकले. त्या परत आल्या तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं होतं की हे काही खरं नाही. मीही मान हलवली. संध्याकाळी विहारात सांगितलं की जागा बेकार आहे, आपण हलायचं नाही, धूर हलला पाहिजे.

सून मला आत्या म्हणते, आपल्या रीतीनं. चांगली आहे, तोंडानं फटकळ आहे, तुला आवडली असती. तिची लेक, म्हणजे तुझी पणती, चार वर्षांची झाली. ती पंप घेते, माय. दम्याचा पंप, तोंडात धरून ओढायचा. घर घर खेळतानाही बाहुलीला पंप देते. सून परवा भाकरी थापत होती आणि मी उंबऱ्यावर बसले होते. मला वाटलं मी विषय काढावा, पण तिनंच काढला. म्हणाली, "आत्या, तुमी मला काईबी म्हना. शाळा बांधता येती, रस्ता करता येतो. पोरीचं फुप्फुस कुठून आनू?" मी म्हटलं, सगळे गेले तर कारखान्याला रान मोकळं. ती म्हणाली, "मंग माझी पोर रानातलं बुजगावनं हाय का, उभी करायला?" अंगणवाडीत मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं केली, आणि आपल्याच घरात बोलायला माझ्याकडं शब्द नव्हता. तू असतीस तर काहीतरी शोधून काढलं असतंस, धुरातलं म्हणालीस तसं.

तर काल. बाई नीट बोलल्या, मराठी सोपं होतं, पाणी गार होतं. ज्या बाधित कुटुंबांची स्थलांतराला संमती आहे त्यांनी हात वर करावेत, असं त्या म्हणाल्या आणि सगळी वस्ती माझ्याकडं वळली. मावशी माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. आता वाकली आहे, खोकल्याची उबळ आली की माझा दंड धरते. ती कानाशी लागून म्हणाली, "काय करायचं गं? मागच्या बारीला तुझ्या मायनं सांगितलं तसं केलं आन जलमभर धूर खाल्ला. आता तू सांग." तिचा सूर आरोपाचा नव्हता. ती खरंच विचारत होती. मी उठले, पाठीत कळ आली, माइक घेतला. म्हटलं, ज्याला जायचंय त्यानं खुशाल हात वर करावा, त्याला इथं कुणी पळपुटा म्हणणार नाही. पण मॅडम, हात मोजाल तेव्हा हेही लिहा की धुराचं काय करायचं ते आम्हाला कुणी विचारलं न्हाई. बाई म्हणाल्या, "ताई, तो आजचा विषय नाही." मी म्हटलं, "तो कधीचाच विषय नव्हता." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या आणि मग हात वर गेले, मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. सुनेनं माझ्याकडं सरळ बघत हात वर केला. तिच्या मांडीवरच्या पोरीनंही केला, तिला शाळेतलं वाटलं. माझ्या लेकानं खाली मान घालून केला. मावशीचाही हात खांद्यापर्यंत आला होता.

बाईंनी विचारलं, "ताई, तुमचं?" मी म्हटलं, "मी धुरातली. मी हितंच राह्यन." पुन्हा टाळ्या. आणि माय, मावशीनं आपला हात खाली घेतला. माझ्याकडं बघून हसली, बोळकं उघडं, आणि म्हणाली, "अगदी मायवर गेली." मग तिला उबळ आली आणि तिनं माझा दंड धरला.

रात्री जेवणं झाली. सून भांडी आवरत होती, पोर झोपली होती, तिचा श्वास वाजत होता. घर मिळालं की ती तिघं जातील, आणि त्यांनी जावं असंच मला वाटतं. मी राहीन, मावशी राहील, अजून काही जण राहतील आणि आम्ही अर्ज देत राहू. लोक म्हणतात, बाईची हिंमत बघा. मला आता ते ऐकवत नाही.

हे तुला लिहिलं खरं, पण तुला वाचता येत नव्हतं. पेपर, नोटिसा, अर्ज, सगळं मीच तुला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि तू मध्येच म्हणायचीस, ते पुन्हा वाच. हेही पिंपळाखाली नाहीतर इथं चुलीच्या जागी बसून, तसंच मोठ्यानं वाचायचं मी ठरवलं होतं. पण आपली आणि मावशीची भिंत एकच आहे, पत्र्याची. तिला झोप नसते, ती सगळं ऐकते. आणि यात एक गोष्ट लिहायची राहिली आहे, ती तिच्या कानावर गेली तर ती उद्या माझ्याकडं कशी बघेल ते मला माहीत नाही. म्हणून हे वाचत नाही, घडी घालून ठेवते. त्या दिवशी माळावर, बाकीच्या टाकी बघायला गेल्या तेव्हा, बाभळीखाली मला झोप लागली होती. मध्ये एकदाही खोकला आला नाही.